कमवा-शिकाची मुलं: काम कसं लावायचं, कसं बघायचं, कसं टिकवायचं

साताऱ्यात 'कमवा आणि शिका' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. अंगमेहनतीच्या बदल्यात शिक्षण हा सगळ्याचा पाया होता. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ही ओळ तर जिल्ह्यातल्या कित्येक शाळांच्या भिंतींवर आहे.

या वारशाचा एक तोटाही होतो. गरजू विद्यार्थ्यांनी कॉलेजातच तासावर काम करून मानधन मिळवायची ही योजना इतकी अंगवळणी पडली आहे की ती आपोआप चालते असं विभागप्रमुख धरून चालतात. जुलैत मुलं येतात आणि त्यांना 'ग्रंथालयात बसा', 'ऑफिसात मदत करा' असं सांगितलं जातं. ऑगस्टपर्यंत निम्मी मुलं सही करून गायब होऊ लागतात. मग 'आताच्या पोरांना कष्ट नकोत' असा शेरा बसतो. खरं तर यातली बरीच मुलं सकाळी गोठा उरकून किंवा घरोघरी पेपर टाकून कॉलेजला आलेली असतात. ती कंटाळतात मोघम कामाला, आणि रखडलेल्या पैशाला. या दोन्ही गोष्टी देखरेख करणाऱ्याच्या हातातल्या आहेत. खालची पद्धत ग्रंथपाल, लॅब असिस्टंट, वसतिगृहाचे रेक्टर, कार्यालयीन अधीक्षक आणि योजनेचे समन्वयक यांच्यासाठी आहे.

१. आधी काम लिहा, मग मुलगा मागा

मे-जूनमध्येच प्रत्येक विभागाकडून मागणीपत्रक घ्या. त्यात पाच गोष्टी हव्यात: नेमकं काम, आठवड्याचे तास, दिवसातली वेळ, लागणारं कौशल्य आणि देखरेख करणाऱ्या एका व्यक्तीचं नाव. नाव एकाचंच असावं. 'विभागातील सर्व' असं लिहिलेलं पत्रक सरळ परत पाठवा.

काम लिहिताना ते संपलं की नाही हे कुणालाही दिसेल असं लिहायचं. 'ग्रंथालयात मदत' यातून काहीच कळत नाही. 'परत आलेली पुस्तकं त्याच दिवशी दुपारी तीनपर्यंत रॅकवर लावणे, आणि रॅक १ ते ६ आठवड्यातून एकदा क्रमाने तपासणे' हे काम झालं. तसंच 'बागेची देखभाल' ऐवजी 'रोपवाटिकेतल्या पिशव्यांना एक दिवसाआड पाणी, शनिवारी तण काढणे, मेलेली रोपं मोजून वहीत नोंद'. पत्रक भरताना विभागप्रमुखाला काम सुचलंच नाही, तर त्या विभागाला मुलगा देऊ नका. रिकामा बसवलेला मुलगा दोन आठवड्यांत मोबाइल बघायला शिकतो, आणि दोष त्याच्याच माथी येतो.

काही कामं यादीत येताच कामा नयेत. परीक्षा विभागातल्या उत्तरपत्रिका आणि गुणांची नोंद, रोख रक्कम, कुणाचाही पासवर्ड किंवा ओटीपी, तीव्र आम्लं, विजेचं पॅनेल, गच्ची आणि पाण्याच्या टाकीवर चढायची कामं ही त्यातली. शिष्यवृत्तीच्या दिवसांत महाडीबीटीचे अर्ज भरायला मदतनीस लागतात. तिथं कमवा-शिकाचा विद्यार्थी कागदपत्रांची यादी तपासू शकतो, फॉर्म कसा भरायचा हे दाखवू शकतो. लॉगिन मात्र ज्याचं त्यानंच करायचं आणि आधारची झेरॉक्स टेबलावर पडून राहू द्यायची नाही. वर्गमित्राची जात, उत्पन्न, बँकेचं खातं हे सगळं त्या कागदांवर असतं. काम देताना हे मुलाला स्पष्ट सांगा आणि गोपनीयतेच्या साध्या हमीपत्रावर त्याची सही घ्या.

शिक्षकांची घरची कामं, गाडी धुणं आणि दर तासाला चहा आणणं यांबद्दल वेगळं लिहायची गरज पडू नये, पण पडते. मागणीपत्रकाच्या तळाशी ते छापूनच टाका.

२. निवड

योजना गरजूंसाठी आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागतो. तो एकदाच, एका लिपिकाने तपासावा. मुलाखतीच्या टेबलाभोवती पाच जण बसवून मुलाकडून घरची गरिबी वदवून घेण्याची काही गरज नसते. मुलाखत दहा मिनिटांची पुरते आणि तिच्यात विचारायचं ते हे: प्रॅक्टिकल कोणत्या दिवशी? गावाकडची शेवटची एसटी किती वाजता? दुसरीकडे काम करतोस का, म्हणजे पेट्रोल पंप, मेस, दुकान? घरी कोणत्या महिन्यात हात लागतात?

शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा. तासगाव आणि कवठेमहांकाळ भागात ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षाची फळछाटणी असते, जानेवारीपासून माल निघू लागतो. कृष्णाकाठी ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतो. महाबळेश्वर-जावळीकडच्या मुलांना स्ट्रॉबेरीच्या दिवसांत घरून बोलावणं येतं. हे जूनमध्ये विचारून ठेवलं, तर जानेवारीत मुलगा न सांगता चार दिवस गायब होत नाही. तो आधी सांगतो, कारण तुम्ही विचारलेलं असतं.

निवडीची यादी फलकावर लावताना 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थी' असा मथळा नको. 'कमवा आणि शिका: विभागनिहाय नेमणुका' एवढं बास.

३. तास बसवणं

सलग दोन तास, आठवड्याला दहा ते बारा तास, हे पदवीच्या विद्यार्थ्याला झेपतं. पंधराच्या पुढे गेलं की आधी प्रॅक्टिकलची जर्नल मागे पडतात, मग तासांची हजेरी. एका तासाच्या पाळ्या टाळा. यायला, आवरायला आणि निघायला वीस मिनिटं गेली की काम होतं चाळीस मिनिटांचं.

वेळापत्रक करताना मोठ्या कागदावर सोमवार ते शनिवार आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असा तक्ता आखा. आधी प्रत्येक मुलाचे लेक्चर आणि प्रॅक्टिकलचे तास लाल रंगाने भरा, मग एसटीची वेळ, आणि उरलेल्या चौकटींत काम बसवा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. विभागाची सोय आधी बघितली जाते आणि मुलाला 'लेक्चर ॲडजस्ट कर' म्हणतात. तिथूनच योजना बिघडते. मेढा किंवा पाटणहून येणारी मुलगी पावणेसहाच्या गाडीने जाणार असेल, तर तिची पाळी पाचला संपली पाहिजे, कारण जुलै-ऑगस्टच्या पावसात घाटातली गाडी वेळेवर येईलच असं नाही. मुलींना एकटीला स्टोअररूममध्ये किंवा कॉलेज रिकामं झाल्यावर काम देऊ नका. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा.

सत्र परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे तास निम्मे करा आणि परीक्षेच्या काळात शून्य. हे ऐन वेळी न ठरवता जूनच्या पत्रकातच छापा. बुडालेले तास दिवाळीनंतर किंवा सुट्टीत भरून काढता येतात. त्यासाठी साठवून ठेवलेली कामं हवीत: जुन्या मासिकांचे गठ्ठे लावणं, डेडस्टॉकची (टेबल-कपाटांसारख्या टिकाऊ सामानाची) पडताळणी, काचसामानाची मोजदाद.

आणि प्रत्येक काम किमान दोघांना येत असावं. एकच मुलगा सगळं जाणतो अशी वेळ आली की त्याला रजाही मिळत नाही.

४. पहिले दोन आठवडे

इथं घातलेला वेळ वर्षभर वाचतो, आणि इथंच सगळे हात आखडता घेतात.

पहिल्या दिवशी काम देऊ नका. बॅग कुठं ठेवायची, पाणी आणि स्वच्छतागृह कुठं, सही कुठं करायची, कुणाला विचारायचं, ती व्यक्ती नसेल तर कुणाला, हे फिरवून दाखवा. विभागातल्या सगळ्यांशी नावानिशी ओळख करून द्या, शिपाईमामांशी तर आवर्जून. मग एका पानावर छापलेलं कामाचं स्वरूप हातात द्या.

दुसऱ्या दिवसापासून शिकवण्याच्या चार पायऱ्या. तुम्ही करा, त्याला बघू द्या. दोघं मिळून करा. तो करेल, तुम्ही शेजारी उभे राहा. मग तो एकटा करेल आणि तुम्ही नंतर तपासा. तिसरी पायरी गाळण्याचा मोह फार होतो. ती गाळली की चुका महिन्याभराने सापडतात, तोवर त्या सवयीच्या झालेल्या असतात.

ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. ड्युई वर्गांकानुसार, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाला दिलेल्या क्रमांकानुसार, पुस्तकं लावायला सांगितली की जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा एकच चूक करतो. ३३२.०२४ आणि ३३२.१ या दोन पुस्तकांत तो ३३२.१ आधी लावतो, कारण त्याच्या डोक्यात चोवीस हे एकापेक्षा मोठं असतं. दशांशचिन्हानंतर एकेक अंक सुटा वाचायचा असतो: पहिल्या जागी शून्य आणि एक, शून्य लहान, म्हणून ३३२.०२४ आधी. हे एकदा फळ्यावर दाखवा. मग ट्रॉलीवर मुद्दाम उलटसुलट केलेली वीस पुस्तकं द्या, लावून घ्या, आणि बरोबर लागली की मगच रॅककडे पाठवा. मराठी साहित्याचा ८९१.४६ हा विभाग सर्वांत जास्त हलतो, त्यामुळे सराव तिथल्याच पुस्तकांवर घ्या. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कादंबरी ८९१.४६३. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक. कॅटलॉगमध्ये ते 'उपलब्ध' दिसतं आणि वाचक हात हलवत परत जातो. हा परिणाम मुलाला सांगितला की तो क्रमाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये काचसामान धुणं हे साधं काम वाटतं. क्रम असा: आधी नळाचं पाणी, मग साबणाचं द्रावण आणि ब्रश, पुन्हा भरपूर नळाचं पाणी, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खंगाळणं. ब्युरेट (तोटी असलेली मापाची काचनळी) तोटी उघडी ठेवून स्टँडला उलटी लावायची. साबण राहिला तर दुसऱ्या दिवशीच्या बॅचचं टायट्रेशन चुकतं आणि सर विद्यार्थ्यांवर चिडतात. द्रावणाच्या प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता आणि तारीख हवी, लेबल नसलेली बाटली मुलाने हलवायची नाही, लॅब असिस्टंटला दाखवायची. आम्ल विरल करणं हे त्याचं काम नाही. तरी नियम त्याला माहीत असावा: आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. गॉगल, हातमोजे आणि एप्रन कॉलेजने द्यायचे.

शिकवताना 'समजलं का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'हो सर' हेच येतं, समजो वा न समजो. ग्रामीण भागातून नुकत्याच आलेल्या मुलाला सरांसमोर 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. त्याऐवजी 'आता पहिलं काय करशील?' किंवा 'मला एकदा करून दाखव' असं म्हणा. कुठं अडलंय ते अर्ध्या मिनिटात दिसतं.

५. रोजची देखरेख

एक दोनशे पानी वही आणा. रकाने: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं, काय राहिलं, अडचण. शेवटचे दोन रकाने खरे उपयोगी, कारण पुढच्या पाळीचा मुलगा तिथूनच सुरुवात करतो. पाळीच्या सुरुवातीला पाच मिनिटं उभ्या-उभ्या बोलायचं: आज काय, आधी काय, कुठं अडलं तर काय. आठवड्यातून एकदा वही वाचून सही करा. न वाचता केलेली सही मुलं लगेच ओळखतात आणि मग 'नेहमीचे काम' हे दोन शब्द वहीभर दिसू लागतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मालक अनेक असल्यामुळे. ग्रंथपाल मॅडमनी पुस्तकं लावायला सांगितली, तेवढ्यात हेडक्लार्कनी पत्र पोचवायला पाठवलं, वाटेत एका प्राध्यापकांनी प्रोजेक्टर उचलायला लावला. संध्याकाळी पुस्तकं तशीच, आणि बोलणी खातो मुलगा. मुलाला एक वाक्य शिकवून ठेवा: 'सर, मी मॅडमना विचारून येतो.' हे वाक्य म्हटल्यावर कुणी रागावलं, तर ते निस्तरणं तुमचं काम.

शिपाईमामा आणि लॅबमधले जुने सेवक यांच्याशी नातं जपावं लागतं. कमवा-शिकाची मुलं आली की आपलं काम जाईल, किंवा आपलं सगळं काम आता यांनीच करावं, या दोन्ही भावना असतात. मामांना शिकवणाऱ्याची जागा द्या. पुस्तकाची शिवण, कुलपांचा जुडगा, मीटरचा लपंडाव त्यांना जितका माहीत असतो तितका कुणालाच नसतो. पण मामांच्या वाट्याची झाडलोट मुलांकडे सरकत नाही ना, यावर नजर असू द्या.

व्हॉट्सॲप ग्रुप करा, त्यावर फक्त पाळीतले बदल टाका. रात्री दहाला 'उद्या सकाळी सातला ये' असा निरोप टाकणं बंद.

सांगलीतल्या कॉलेजांना पावसाळ्यात आणखी एक तयारी लागते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. तळमजल्यावर ग्रंथालय किंवा रेकॉर्ड असेल, तर कोणते रॅक आधी वर न्यायचे याची यादी जूनमध्येच करून मुलांकडून एकदा सराव घ्या. दाखलखारीज रजिस्टर आणि दुर्मीळ पुस्तकं आधी, क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती शेवटी. हे काम पाणी वाढायच्या आधीचं. रस्त्यावर पाणी आल्यावर एकाही विद्यार्थ्याला बोलवायचं नाही, सामान गेलं तर गेलं.

६. चुकलं तर

आधी कारण शोधा. माहीत नव्हतं, विसरला, जमत नाही, की करायचंच नाही? पहिल्या तिन्हींवर उपाय वेगवेगळे: पुन्हा शिकवणं, वहीत किंवा भिंतीवर यादी, काम बदलणं. चौथं कारण वाटतं तितकं आढळत नाही.

उशिराचं घ्या. पहिल्यांदा बाजूला घेऊन विचारा: 'या आठवड्यात तीनदा अर्धा तास उशीर झाला. गाडीचा प्रश्न आहे का दुसरं काही?' बहुतेक वेळा गाडी किंवा लांबलेलं प्रॅक्टिकल निघतं आणि पाळी अर्धा तास पुढे सरकवली की विषय मिटतो. दुसऱ्यांदा झालं तर काय ठरलं ते वहीत लिहून दोघांनी सही करा. तिसऱ्यांदा समन्वयकांकडे लेखी. चारचौघांत, विशेषतः त्याच्या वर्गातल्या मुलींसमोर किंवा मित्रांसमोर, आवाज चढवू नका. त्यानंतर तो कामावर येतो, पण फक्त शरीराने.

मित्राने केलेली सही आणि न केलेल्या कामाचे तास यांत मात्र सवलत नको. ते पैशाचं खोटं आहे, पहिल्याच वेळी लेखी घ्या. उलट फुटलेला बीकर किंवा फाटलेलं पुस्तक मानधनातून कापू नका. कापलं की पुढच्या वेळी काच फुटल्याचं तुम्हाला कळणार नाही, ती कपाटामागे सापडेल.

७. पैसे वेळेवर

तासाचा दर संस्था किंवा विद्यापीठ ठरवतं, तो आपल्या हातात नसतो. तारीख मात्र बऱ्याच अंशी असते. मस्टर, म्हणजे तासांचं हजेरीपत्रक, विभागातून समन्वयकाकडे, तिथून कार्यालयात, मग लेखा विभाग, प्राचार्यांची सही आणि बँक असा प्रवास करतं. एका टेबलावर ते चार दिवस पडलं की मुलाचं घरभाडं चुकतं. तारखा बांधून घ्या: २५ ला मस्टर बंद, २६ ला बेरीज, २७ ला मुलाला आकडा दाखवून सही, २८ ला कार्यालयात. २५ नंतरचे तास पुढच्या महिन्यात.

बेरीज मुलाच्या समोर करा. समजा रोज २ तास, २२ दिवस, म्हणजे ४४ तास, आणि दर तासाला ५० रुपये धरला तर २,२०० रुपये. त्याने त्याच्या वहीत ४६ तास लिहिले असतील, तर तो फरक आजच सुटतो. दोन महिन्यांनी तो भांडण होतो.

पैसे अडकायची कारणं ठरलेली आहेत: पासबुकावरचं नाव आणि अर्जावरचं नाव वेगळं, बँका विलीन झाल्यावर बदललेला आयएफएससी कोड, वापराविना निष्क्रिय झालेलं खातं, पूर्ण केवायसी नसलेलं छोटं खातं ज्यात ५० हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, आणि वडिलांच्या खात्याचा क्रमांक. जुलैतच प्रत्येकाच्या खात्याची खात्री करून घ्या.

बावीस सप्टेंबरला कर्मवीर जयंतीच्या कार्यक्रमात कमवा-शिकाच्या मुलांचा गुलाबपुष्प देऊन सत्कार होतो. चांगलं आहे. पण जुलैचं मानधन तोवर निघालेलं नसेल, तर त्या गुलाबाकडे मुलं कशी बघत असतील याची कल्पना करता येते.

८. हुरूप

पैशाइतकंच मुलांना धरून ठेवतं ते 'हे माझं आहे' असं काहीतरी. रॅक ४ कुणाचा, रोपवाटिकेचा पूर्वेकडचा वाफा कुणाचा, जिमखान्यातलं क्रिकेटचं कीट कुणाचं, हे नावाने ठरवा. तपासणीत त्या रॅकमध्ये चुका नसतील, तर ते सगळ्यांसमोर सांगा, आणि नेमकं सांगा. 'छान काम' पेक्षा 'या महिन्यात तुझ्या रॅकवर एकही पुस्तक चुकीच्या जागी नव्हतं' हे लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट, चढती जबाबदारी. पहिल्या वर्षी पुस्तकं लावणं, दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअरवर देवघेव, तिसऱ्या वर्षी नव्या मुलांना शिकवणं आणि पाळ्या लावणं. तिसऱ्या वर्षाच्या ताईने किंवा दादाने शिकवलेलं नव्या मुलांना सरांनी शिकवल्यापेक्षा लवकर उमगतं. अशा वरिष्ठ विद्यार्थ्याला जादा तास द्या, पण दुसऱ्यांची हजेरी मांडायचा अधिकार देऊ नका. मित्रांत तेढ येते.

तिसरी, त्यांना विचारणं. सत्रातून एकदा अर्धा तास बसा आणि 'या कामात वेळ कुठं वाया जातो?' एवढंच विचारा. परत आलेली पुस्तकं काउंटरवरच वर्गांकाच्या शतकानुसार वेगळ्या खणांत टाकली, तर ट्रॉलीच्या निम्म्या फेऱ्या वाचतात, अशा सूचना तिथूनच येतात. सूचना नाकारली तर कारण सांगा.

९. मार्च

शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाकडून दोन पानी नोंद लिहून घ्या: काम कसं करतो, कुठं अडतं, कुणाला विचारायचं, किल्ली आणि साहित्य कुठं. पुढच्या जुलैत नव्या मुलाच्या हातात देण्यासाठी याहून चांगलं काही नसतं. प्रमाणपत्रात 'समाधानकारक काम केले' एवढंच लिहू नका. कालावधी, एकूण तास, शिकलेलं सॉफ्टवेअर, हाताळलेलं काम आणि सांभाळलेली जबाबदारी लिहा, कारण नोकरीच्या मुलाखतीत तेच विचारतात.

किल्ल्या, ओळखपत्र, एप्रन जमा करून घ्या आणि सॉफ्टवेअरचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा. मार्चचं मस्टर मात्र २५ पर्यंत थांबवू नका. आर्थिक वर्ष ३१ ला संपतं, लेखा विभाग शेवटच्या आठवड्यात बिलं घेत नाही, आणि एकदा तारीख उलटली की ती रक्कम नव्या वर्षाच्या मंजुरीत अडकते. तोवर तिसऱ्या वर्षाची मुलं कॉलेज सोडून पुण्याला गेलेली असतात. मार्चचं मस्टर १५ ला बंद करून १६ ला कार्यालयात द्या आणि पोच घ्या.